दान दिलं, पुढे काय? सोलापुरातल्या गरजू घरापर्यंत मदत पोहोचते कशी

२०२५च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला आणि करमाळा, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात गेली. राज्यभरातून मदतीच्या गाड्या आल्या. धान्याचे किट, ब्लँकेट, कपडे, पाण्याच्या बाटल्या. लोकांनी अगदी मनापासून दिलं. तेव्हापासून सोलापुरात एक प्रश्न सारखा कानावर येतो: आपण देतो ते पोहोचतं का? मोबाइलवर रोज कुणाचं ना कुणाचं आवाहन येतं, खाली क्यूआर कोड असतो. कुणाच्या लेकराचं ऑपरेशन, कुणा निराधार आजीचं घरभाडं. द्यावंसं वाटतं आणि हात आखडताही घेतला जातो.

पुराची मदत हा वेगळा विषय आहे. मी इथे लिहितोय ते त्या घरांबद्दल, जिथे पूर आला नाही, आग लागली नाही, तरीही महिन्याच्या वीस तारखेनंतर चूल पेटवायची कशी हा प्रश्न असतो. अशा घरांना नेमकी काय मदत लागते आणि ती देताना काय बघावं, हे एकदा नीट समजून घेऊ.

एकदाची मदत आणि दर महिन्याची मदत

सोलापूरकराला हे पाण्यावरून लगेच कळेल. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ज्याच्या घरावर मोठी टाकी आहे त्याचं भागतं. ज्याच्याकडे दोन घागरी आणि एक ड्रम आहे, त्याच्या दारात भरलेला टँकर उभा केला तरी तो दोन घागरी आणि एक ड्रमच भरून घेणार. दोन दिवसांनी भांडी पुन्हा कोरडी.

गरीब घराचंही तसंच आहे. त्यांच्याकडे साठवायची जागा नसते आणि उद्यासाठी मागे टाकायला काही उरत नाही. दिवाळीत तीन मंडळांकडून तीन किट आले तर तेल-साखर शेजारी वाटली जाते किंवा विकली जाते, आणि फेब्रुवारीत विचारायला कुणी येत नाही. पुरात सापडलेल्या माणसाला टँकरच हवा, त्यात शंका नाही. पण ज्याची अडचण रोजची आहे, त्याला थोडी का होईना, ठरलेल्या तारखेला येणारी मदत लागते. महिन्याला पाचशे रुपये आणि वर्षातून एकदा सहा हजार यांचा हिशेब कागदावर सारखाच दिसतो. घरात मात्र त्याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण पहिल्या प्रकारात माणसाला पुढचा महिना दिसतो.

पूर्व भागातलं म्हातारपण

अशोक चौक, साखर पेठ, दत्त नगर, आणि पुढे कुंभारीकडची विडी घरकुलं. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या या वस्त्यांत बायकांनी आयुष्यभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या आणि पुरुषांनी यंत्रमागावर चादरी-टॉवेल काढले. दोन्ही कामांत मजुरी नगावर. विडीचा दर हजारावर ठरतो. हात चालेल तेवढं पोट चालतं. वयाने हात मंदावला की मजुरी आपोआप उतरते. निवृत्त होण्याचा असा वेगळा दिवस या कामात नसतोच.

अनेक विडी कामगारांची भविष्य निर्वाह निधीत नोंद असते आणि त्यांना ईपीएस-९५ची, म्हणजे १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन मिळते. सप्टेंबर २०१४पासून या योजनेची किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. पण तिच्यासाठी दहा वर्षांची सेवा नोंदलेली लागते. मधली काही वर्षं कार्ड दुसऱ्याच्या नावावर असेल, कारखाना बदलला असेल, तर ती वर्षं हिशेबातून गळतात. यंत्रमागावरच्या पुष्कळ कामगारांची तर कुठेच नोंद नसते.

एका अम्मांकडे बसलो होतो. गोळ्यांची पट्टी त्यांनी पदरात बांधून ठेवली होती. रक्तदाबाची गोळी रोज एक घ्यायची असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या एक दिवसाआड घेत होत्या, म्हणजे पट्टी महिनाभर पुरते. त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, काटकसर सांगावी तसं सांगितलं. अशी काटकसर एक दिवस पक्षाघात होऊनच बाहेर येते आणि मग लाखाच्या बिलासाठी आवाहन फिरतं. गोळ्यांचा खर्च महिन्याला शे-दोनशे रुपये होता. जनऔषधी केंद्रातून घेतल्या असत्या तर त्याहूनही कमी.

सरकारकडे आधीच काय आहे

खिशातून द्यायच्या आधी हे माहीत असलं पाहिजे, कारण बऱ्याचदा माणूस ज्या मदतीसाठी हात पसरतो, ती त्याच्या हक्काची असते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना ६५ वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, अपंग, गंभीर आजारी, निराधार अशांसाठी आहे. ६५ आणि त्यापुढच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. दोन्हींत २०२३पासून महिना १,५०० रुपये आहेत. अपंगांसाठी २०२५मध्ये ती रक्कम २,५०० केली गेली. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत होतो. पैसे थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात.

रेशनवर अंत्योदय कार्ड असेल तर घराला महिना ३५ किलो धान्य, प्राधान्य कार्ड असेल तर माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत आहे. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात. हे कार्ड ऑक्टोबर २०२४पासून सुरू झालं आणि आधारवर निघतं. लक्षात घ्या, त्यात दाखल होऊन घेतलेले उपचार येतात. रोजच्या गोळ्या, चष्मा, दवाखान्यात जायचं रिक्षाभाडं येत नाही.

मग अडतं कुठे

कागदावर. आणि हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण दान देणाऱ्यांना याची कल्पनाच नसते.

पहिली अडचण अंगठ्याची. पन्नास वर्षं तेंदूचं पान कापून, तंबाखू भरून, दोरा बांधून बोटांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा लागतो. पुन्हा ठेवा, ओला करून ठेवा, दुसरं बोट ठेवा. मागे रांग वाढते, दुकानदार वैतागतो आणि म्हातारी "उद्या येते" म्हणून रिकामी पिशवी घेऊन परत जाते. डोळ्याची बाहुली स्कॅन करून किंवा मोबाइलवरच्या ओटीपीने धान्य देता येतं, पण तसं मागायचं असतं हे तिला ठाऊक नसतं, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर बहुतेक वेळा मुलाचा असतो. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तिथेही हाच अंगठा. ईपीएसच्या पेन्शनरांसाठी आता चेहरा दाखवून मोबाइलवर जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, काढायची सोय आहे. साधा अँड्रॉइड फोन असलेला नातू किंवा शेजारी हे काम घरबसल्या करून देऊ शकतो.

दुसरी अडचण वयाची. जन्माची नोंद नाही, म्हणून आधार काढताना कुणीतरी अंदाजाने साल घातलं आणि तारीख १ जानेवारी. अंदाज पाच वर्षांनी चुकला असेल तर सत्तरीची बाई कागदावर पासष्टीची आणि वय वंदना कार्डाच्या बाहेर. आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करता येते, पण सर्वसाधारणपणे एकदाच, आणि पुरावा लागतो.

तिसरी नावाची. पूर्व भागात घरं तेलुगू, जुने कागद मराठीत, बँकेचे इंग्रजीत. एकच आडनाव रेशन कार्डावर एक, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं. यंत्राला ती तीन माणसं वाटतात.

चौथी सगळ्यांत अवघड, उत्पन्नाची. निराधार आणि श्रावणबाळ योजनांची सर्वसाधारण मर्यादा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपये. बारा महिन्यांनी भागा: महिना १,७५०. घरातला एक मुलगा मागावर आठवडाभर गेला तरी ही रेघ ओलांडली जाते. म्हणजे मुलाजवळ राहणारी आई कागदावर निराधार राहत नाही, मग मुलगा तिला औषध आणून देवो अथवा न देवो. ही मर्यादा आजच्या महागाईत वाढायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर मग देणाऱ्याने काय द्यावं

माझं म्हणणं इतकंच आहे: पैशांच्या आधी कागदाची साथ द्या, आणि पैसे कागद जिथे पोहोचत नाहीत तिथे द्या.

एखाद्या आजीला सोबत घेऊन सेतूमध्ये जाणं, उत्पन्नाचा दाखला काढणं, आधारवरचं नाव दुरुस्त करून घेणं, बँकेत आधार जोडून आणणं, यात पदरचे दोन-चारशे रुपये आणि कामाचे काही दिवस जातात. त्यातून श्रावणबाळ मंजूर झाली तर वर्षाला १८,००० रुपये तिच्या स्वतःच्या नावावर, दरवर्षी, कुणाच्याही उपकाराशिवाय येतात. एवढा परतावा दुसऱ्या कुठल्या दानात मी पाहिलेला नाही. मंजुरीला महिने लागतात हे खरं. आणि ते मधले महिने हीच आपल्या पैशांची खरी जागा आहे. अर्ज पडून असेपर्यंत महिना हजार रुपये द्या, औषधाच्या दुकानात खातं लावून द्या, घरभाड्यातला वाटा उचला.

पेन्शन सुरू झाल्यावरही भोकं राहतातच. रोजच्या गोळ्या, चष्मा, कवळी, गॅस सिलिंडर, लाइट बिल. या वस्तूंचं किट कुणी बांधत नाही.

संस्थेला देताना काय बघायचं

प्रत्येकाला तहसीलच्या पायऱ्या चढणं जमणार नाही. हे काम करणाऱ्या संस्थेला पैसे देणं हाही चांगला मार्ग आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास, म्हणजे लोकांच्या हितासाठी काढलेला ट्रस्ट, १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. सोलापुरातही धर्मादाय कार्यालय आहे. नोंदणी क्रमांक विचारा. चांगली संस्था पावतीवरच छापते. दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा. नोंदणी नसलेल्या मंडळाला किंवा गटाला वर्गणी गोळा करायची असेल तर त्याच कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी लागते, हे गणेशोत्सव मंडळांना चांगलं माहीत आहे. मदतीची पेटी घेऊन दारात आलेल्यालाही ते विचारता येतं, नम्रपणे.

करसवलतीबद्दल गैरसमज फार आहेत. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, आणि बहुतेक स्थानिक संस्थांसाठी ती देणगीच्या निम्म्या रकमेवर असते. तुम्ही १०,००० दिले तर तुमच्या करपात्र उत्पन्नातून ५,००० वजा होतात. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर साधारण हजार रुपयांचा कर वाचतो. नवी कररचना निवडली असेल तर ही सवलत नाहीच. २,००० पेक्षा जास्त रोख दिली तर त्या देणगीवर नाही. धान्य, कपडे अशा वस्तूंवरही नाही. आणि शेजारच्या आजीला दिलेल्या पैशांवर तर नाहीच नाही, म्हणून ते देणं थांबवू नका.

"संस्थेचे लोक पगारच खाऊन टाकतात," असंही ऐकू येतं. जी संस्था आजीला घेऊन तीनदा तहसीलला जाते, तिथे जाणाऱ्या कार्यकर्तीलाही घर आहे. तिचा पगार हीच तर मदत. पगार किती टक्के यापेक्षा, गेल्या वर्षी किती जणांची पेन्शन सुरू करून दिली, हे विचारा. उत्तर ताबडतोब आणि नावानिशी तयार असेल तर संस्था काम करते असं समजा.

दवाखान्याच्या बिलाचं आवाहन आलं तर

पैसे पाठवण्याआधी एक प्रश्न विचारा: रुग्णालय धर्मादाय आहे का? ट्रस्टने चालवलेल्या आणि वर्षाला पाच लाखांहून जास्त खर्च असलेल्या रुग्णालयांना एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक मधून हे बंधन येतं आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये त्याची योजना घालून दिली. त्यासाठी रुग्णालयाने बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवायची असते. वार्षिक १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेला निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंतचा दुर्बल घटक. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी दारात थांबवता येत नाही.

रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक किंवा वैद्यकीय समाजसेवक असतो. त्याच्याकडे रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन जायचं, तेही दाखल झाल्या झाल्या. डिस्चार्जच्या दिवशी धावाधाव करून हाती फार काही लागत नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या वैद्यकीय मदतीचा अर्जही आता जिल्हाधिकारी कार्यालयातूनच करता येतो. हे सगळं करूनही बिल उरतं, तेव्हा आवाहन करावं आणि तेव्हा आपण द्यावं, रुग्णालयाच्या खात्यात.

"रोख दिली की दारूत जाते"

ही शंका सगळ्यांना येते. जागतिक बँकेने २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका आढाव्यात अनेक देशांमधले अभ्यास एकत्र तपासले गेले. रोख मदत मिळालेल्या घरांत दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यात सर्वसाधारणपणे दिसलं नाही. गरीब माणसाला आपली गरज आपल्यापेक्षा चांगली कळते. तांदूळ घरात असताना तांदूळच आणून दिला तर त्याला सिलिंडरसाठी उसनवारीच करावी लागते.

पण एक भीती खरी आहे, ती म्हाताऱ्या माणसांपुरती. आजीच्या हातातले पैसे मुलगा किंवा नातू काढून घेतो, अशी घरं आहेत. तिथे औषध दुकान, किराणा दुकान किंवा घरमालक यांना परस्पर पैसे द्यावेत, आणि आजीच्या बँक खात्यावर कुणाचा डोळा आहे का, याकडे लक्ष ठेवावं.

फोटोबद्दलही सांगतो. पिशवी हातात देऊन चौघांनी उभं राहून काढलेला फोटो त्या बाईच्या नातीच्या शाळेतल्या ग्रुपवर पोहोचतो. ज्या बाईने आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, ती पुढच्या वेळी उपाशी राहील पण रांगेत येणार नाही. देणगीदारांना हिशेब हवा तर पावत्या दाखवा, चेहरे नकोत.

"पोटची मुलं असताना आपण का?"

मुलांची जबाबदारी कायद्यानेही आहेच. २००७च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्चाचा आदेश होऊ शकतो. सांभाळायच्या अटीवर मुलाच्या नावे करून दिलेलं घर, त्याने सांभाळलं नाही तर, परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तिथे या कायद्याची माहिती मिळते.

तरी बहुतेक आया अर्ज करत नाहीत. "लेकराला कोर्टात ओढू का?" असं म्हणतात. आणि पुष्कळदा मुलगा वाईट नसतो. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून तो स्वतःचंच कसंबसं भागवत असतो. अशा मुलाला खडसावण्यापेक्षा फोन करा. आईची कागदपत्रं त्याच्या फोनमध्ये असतात, ओटीपी त्याच्याकडे येतो. त्याने एका रविवारी गावी येऊन हे निस्तरलं तर निम्मं काम होतं.

"हे तर सरकारचं काम"

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आपल्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत असते. दुष्काळात त्यांनी लोकांसाठी जी कोठारं उघडली ती स्वतःची नव्हती, बादशहाची होती. धान्य आत होतं, लोक बाहेर उपाशी होते, आणि किल्ली पंतांकडे होती. सरकारचं काम आहे, अगदी मान्य. निधी आहे, योजना आहे, शाखा आहे. म्हातारी आणि ते कोठार यांच्यामध्ये झिजलेला अंगठा, चुकलेलं आडनाव आणि तीन मजल्यांचा जिना उभा आहे. तेवढं अंतर चालायला ज्याचे पाय शाबूत आहेत, त्याने तिच्याबरोबर चालावं.

सुरुवात आपल्याच गल्लीतून होते. कुणाच्या घरी अडचण आहे हे आशाताईंना आणि रेशन दुकानदाराला नेमकं माहीत असतं, त्यांना विचारा. एकच घर धरा. आधी रेशन कार्ड, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून तिन्हींवरचं नाव आणि जन्मसाल जुळतंय का ते बघा, नसेल तर आधारपासून दुरुस्ती सुरू करा. मग उत्पन्नाचा दाखला, मग अर्ज. अर्ज दिल्यावर शिक्का मारलेली पोच घ्या, तिची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा आणि मूळ प्रत आजींच्या हातात द्या.